समोरचं दुकान

नाव?
दस्तगीर महेबूबसाब.
वय?
बावन्न, चोपन्न, शाळेच्या दाखल्यावर असंल ते.
व्यवसाय?
आवाज, म्हणलं.
साहेबांनी मान वर केली, टायपिस्ट थांबली,
मग उस्तुरगे वकिलांनीच सांगून टाकलं :
रिक्षा फिरवून जाहिरात पुकारणे.

उदगिरात चौबाऱ्याच्या अंगाला दोन दुकानं,
मधे रस्ता, रुंदी एकवीस फूट
(टेप लावून मोजलीय, नकाशा जोडलाय, निशाणी अकरा).
ह्या कडंला मलगे, त्या कडंला गट्टाणी.
तीस वर्सं ह्यांच्या गल्ल्यातले सुटे पैसे
त्यांच्या गल्ल्यात जायचे,
त्यांचं गिऱ्हाईक ह्यांच्या माठातलं पाणी प्यायचं.
आता दावा अकरा लाखांचा.
दुकानाच्या अब्रूचा भाव कुणी काढला,
मीटरवर काढला का वजनावर,
मला ठाऊक नाही.

मी वाचलं ते एवढंच,
मलगेंच्या धाकट्यानं वहीच्या पानावर लिहून दिलेलं :
बंधू-भगिनींनो, लग्नाचा बस्ता बांधायलाव? थांबा!
समोरच्या दुकानात घ्याल
तर पहिल्या धुण्यात रंग जाईल,
दुसऱ्या धुण्यात सून माहेरी जाईल.

सुनेची ओळ माझी. पदरची.
ते कोर्टात सांगितलं नाही.

उलटतपासणीला देवणीकर वकील उठले.
समोरचं म्हणजे कुणाचं?
म्हणलं, साहेब, रिक्षा रस्त्याच्या मधोमध,
भोंगे दोन, एक हिकडं तोंड करून, एक तिकडं.
मलगेंच्या पायरीवरून ऐकलं तर समोर गट्टाणी.
गट्टाणींच्या गादीवरून ऐकलं तर समोर मलगे.
मागच्या बाकावर हसू फुटलं.
साहेबांनी लिहून घेतलं :
‘समोर’ या शब्दाबाबत साक्षीदार संदिग्ध.
आजवर मला कुणी संदिग्ध म्हणलं नव्हतं.
फार तर बेसूर.

दुपारून बादली आली.
निशाणी सत्तावीस, मोरपंखी, बारीक काठाची,
बेलिफानं दोन बोटांनी धरून बुडवली,
जशी काय मेलेली पाल.
सगळे वाकले. वकील, अशील, पोलीस,
आणि पोटगीच्या केसमधली एक बाई,
जिचा पुकारा सकाळपासून झाला नव्हता.
तीच बोलली, असं कुठं धुत्यात का?
चोळा तरी.

पाणी निळसर झालंय, उस्तुरगे म्हणाले.
बादलीच निळी आहे, देवणीकर म्हणाले.
बादली निळीच होती.
आदेश : पुढच्या तारखेला पांढरी बादली आणावी,
खर्च दोघांनी निम्मा-निम्मा सोसावा.

कुणी विचारलं नाही ते हे :
लगीनसराई सरली की माझी मजुरी
अर्धी रोकड, अर्धी साडी.
एक साल मलगेंची, एक साल गट्टाणींची,
जसा ज्याचा भोंगा.
खैरून दोन्ही नेसली.
दोन्हींच्या घडीतून निघायची
सुरतेच्या एकाच गोदामाची तीच गुलाबी चिठ्ठी,
आणि वैशाखात चूल पेटवून उठली की
तिच्या मानेवर रेघ,
एक साल हिरवी, एक साल जांभळी.
ती खोबरेल लावून पुसायची.
मी भोंग्याच्या वायरी गुंडाळत बसायचो.

विचारलं तेवढंच बोला,
असं वकिलांनी बजावलेलं.

बाहेर आलो तर चहाच्या टपरीवर
गट्टाणींचा मुनीम कागद घेऊन उभा.
ह्यात नाव नाही बघा कुणाचं,
‘समोर’ पण नाही, वकिलांनी तपासलंय,
नुसतं ‘काही दुकानं’ म्हणलंय.
मी डोळ्यांखालून घातला. शेवट जरा ढिला वाटला.
म्हणलं, एक ओळ घालू का?

घरी साक्षीचा पांढरा सदरा
खैरूननं तिच्या साडीबरोबरच भिजत टाकलाय.